चालीचा धनी

गुणाजीने पायपेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठेवण्याआधी हळूच कानाच्या पाळीला हात लावला, आणि समोर बाकावर बसलेल्या त्र्यंबकमास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली. तसं पाहिलं तर त्यात काहीच नव्हतं. गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची ती रीतच. गुरूचं नाव घेताना, थोराची चीज आपल्या हातून मांडताना कानाला हात लावायचा, म्हणजे काही उणंअधिक झालं तर त्याने पोटात घालावं. ठाण्यात टेंभी नाक्यापाशी नाटक मंडळीने कापडी मांडव ठोकला होता. बाहेर वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं आणि आत सुंभाच्या नि घासलेटच्या वासात दुपारची तालीम चालली होती. नायिकेचं काम करणारा मारुती उघड्या खांद्यावरून नसलेला पदर सावरीत उभा होता, मंडळीचे मालक भाऊ ताडाच्या पंख्याने वारा घेत ‘हं, दुसऱ्या अंकातलं विरहाचं पद घ्या’ म्हणाले होते. सगळं रोजच्यासारखं. फक्त गुणाजीने कानाला हात लावला, आणि तो ज्याच्यासाठी लावला तो माणूस या भूतलावर कधी जन्मालाच आलेला नाही, हे त्या मांडवात एकट्या मास्तरांना ठाऊक होतं.

चाल सुरू झाली. पहिल्या ओळीत ती खाली, अगदी जमिनीलगत फिरत राहायची, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की आता ही इथेच विझणार, तोच एकदम वरच्या पंचमाला जाऊन लागायची. त्या जागेवर कल्याणात, पनवेलीत, भिवंडीत लोकांनी ‘वन्समोर’ घेतला होता. मास्तर दिवसा कल्याणच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या जन्मात संगीत नाटकांची पदं रचून त्यांना चाली लावायचे. त्या एका पदाने त्यांचं नाव ठाणे जिल्ह्यात झालं होतं. कचेरीतले कारकून रस्त्यात थांबवून नमस्कार करीत. शब्द मास्तरांचे होते, त्यात खोट नव्हती. चाल गुणाजीची होती. आणि पदांच्या छापील पुस्तकात त्या पदाच्या माथ्यावर जे लिहिलं होतं ते दोघांचंही नव्हतं. मारुतीने मान वेळावून पंचम लावला तेव्हा मास्तरांना तो नेहमीसारखा अंगावर काट्यासारखा आला नाही, घशात अडकलेल्या काट्यासारखा आला.

गुणाजी चेंदणीचा कोळी. बाप होडीवर न्यायला बघायचा, तर हा पळून लग्नाच्या बँडवाल्यांमागे जायचा; तिथल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बँडमास्तरने त्याला पेटी शिकवली. हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. मंडळीत आला त्या दिवशीच त्याने भाऊंना सांगितलं होतं, ‘तुमचं नाटक बुडालं तरी लोक माज्या पेटीला येतील.’ पदाच्या दोन ओळींच्या मध्ये, नट दम घेतो तेवढ्या वेळात, पेटीवाल्याने काही वाजवून जागा भरायची असते. भरणा म्हणतात त्याला. बाकीचे पेटीवाले नटाचीच ओळ परत वाजवून मोकळे होत. गुणाजी तेवढ्या जागेत दुसरं गाणं उभं करायचा. वन्समोर आला की नटाआधी हाच पेटीमागून उठायचा, एक हात पट्टीवर तसाच दाबून धरून दुसऱ्याने मुजरा करायचा, आणि नंतर विंगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा, ‘शब्द मास्तरांचे, टाळ्या माज्या!’ लोक हसायचे. मास्तरही हसायचे. पण रात्री अंथरुणावर ते वाक्य त्यांच्या कुशीत येऊन झोपायचं. कारण त्यात थोडं खरं होतं, आणि माणसाला पूर्ण खोट्याचा राग येत नाही, थोड्या खऱ्याचा येतो.

ती चाल जन्मली तेव्हा मास्तर तिथेच होते, हेच तर मोठं दुखणं. त्यांनी आधी त्या पदाला एक चाल लावलेली होती, बरीच शास्त्रशुद्ध, आणि ती तालमीत काही केल्या उठेना. मारुती घाम पुसत होता. भाऊंच्या जांभया चालल्या होत्या. मग दोन ओळींमधल्या जागेत गुणाजीने नेहमीसारखं काहीतरी भरलं, खालून सरपटत येऊन वर उसळणारं, आणि मारुती आपली ओळ विसरून तेच गुणगुणायला लागला. मास्तरांचे शब्द त्या भरण्यावर असे चपखल बसले की जणू ते त्याच्यासाठीच थांबले होते. ‘ही घ्या मास्तर, तुमच्या पोरीला नवरा मिलाला,’ गुणाजी म्हणाला. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. थाप मनापासून होती, अजूनही आठवली की वाटतं, मनापासूनच होती. त्या क्षणी त्यांना एवढंच कळत होतं की पद जगलं. ते कोणी जगवलं हा हिशेब नंतर सुरू झाला, पदांचं पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा.

त्या पुस्तकाची एक रीत आहे. तिकिटाच्या दारात एक आण्याला विकतात ते; प्रेक्षक मांडीवर उघडून नटाबरोबर ओळ वाचीत बसतात. प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून लिहायचं आणि ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द पुढे द्यायचे. लावणीवरून असो, कानडी गाण्यावरून असो, पारशांच्या नाटकातली असो, त्यात कमीपणा नाही; उलट अमुक जुन्या गाण्याची चाल आहे म्हटलं की प्रेक्षक विश्वासाने बसतो. स्वतः बांधलेल्या चालींवर मास्तर ‘स्वतंत्र’ लिहीत. नाव लिहायची सोयच नव्हती, आणि स्वतंत्र म्हणजे मास्तरांची हे सगळे समजत. कल्याणात ओटीवर बसून ते ठाण्याच्या छापखान्यासाठी मुद्रणप्रत करीत होते. विरहाच्या पदापाशी आले आणि बोरू थांबला. ‘स्वतंत्र’ लिहिलं तर चोरी होते. ‘गुणाजी पेटीवाला याची’ असं लिहिलं तर... तर ते विंगेतलं वाक्य छापून येतं. शब्द मास्तरांचे, टाळ्या माज्या. शाळेतले हेडमास्तर वाचतील, सासरे वाचतील. त्यांनी दोनदा शाई घेतली आणि दोनदा ती टोकावर वाळली. तेवढ्यात शेजारी हुबळीहून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांच्या घरातून म्हातारीचा आवाज आला, ती सुनेवर ओरडत होती, ‘हालु उक्कितु नोडे!’ दूध उतू गेलं बघ गं. रोज सकाळचं होतं ते, एवढी कानडी मास्तरांना येऊ लागली होती. आणि कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली. मास्तरांनी लिहिलं: चाल, ‘हालु उक्कितु नोडे’, कानडी.

लिहून झालं तेव्हा त्यांना हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. हसूही आलं. आपण चोरी केली नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं; आपण ती चाल घेतली नाही, फक्त तिचा धनी पुसून टाकला. शाळेत पोरं एकमेकांच्या पाट्या पुसतात तेव्हा मास्तर त्यांना छडी मारीत. पण पाटी पुसणं ही चोरी नव्हे, नाही का? गुणाजीला अक्षरओळख नव्हती. त्याला पुस्तक कशाला कळतंय, असंही मनात आलं, आणि ते इतकं हलकं येऊन गेलं की त्याची लाज वाटायलाही पुढे कितीतरी दिवस गेले.

मग गंमतच झाली. ठाण्याच्या एका वकिलाने सभेत सांगितलं की हे मूळ पद त्यांनी धारवाडात ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर मुळातली गोडी इथे उतरलेली नाही. एका शास्त्रीबुवांनी अर्थ लावला: यशोदा मांडीवरच्या कृष्णाला खाली ठेवून उतू जाणाऱ्या दुधाकडे धावते, तो प्रसंग, संसाराच्या दुधापायी देव हातचा सोडणाऱ्या जिवाचा हा विरह, म्हणून मास्तरांनी विरहाच्या पदाला तीच चाल निवडली, केवढी ही मार्मिकता! मास्तरांनी खाली मान घातली. लोकांना तो विनय वाटला. तुम्ही एक खोटं अंगणात ठेवा, शेजारीपाजारी त्याला न्हाऊमाखू घालून मोठं करतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. आणि भिवंडीच्या मुक्कामात कोणीतरी ते पुस्तक गुणाजीला वाचून दाखवलं.

मास्तरांना वाटलं होतं तो भांडायला येईल. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. तो आला नाही. पुढल्या प्रयोगात वन्समोर आला तेव्हा पेटीमागून उठला नाही. विंगेतलं ते वाक्य बंद झालं. भरण्यात तो आता नटाचीच ओळ परत वाजवू लागला, इतर पेटीवाल्यांसारखी. मंडळी खूश. ‘गुणाजी सुधारला,’ भाऊ म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही त्याला काय सांगितलंत कोण जाणे, पण माणूस जमिनीवर आला.’ मास्तरांनी तेही ऐकून घेतलं. चांगला माणूस असता तर तिथल्या तिथे तोंड उघडलं असतं; वाईट असता तर सुखाने झोपला असता. मास्तर मधलेच, म्हणून त्यांचे हाल. उर्मट गुणाजीचा त्यांना राग यायचा, पण नम्र गुणाजी त्यांना बघवेना. आपण कुणाचं तरी हाड मोडलं आहे आणि तो लंगडतो ते बघून लोक ‘किती सावकाश, किती शिस्तीत चालतो’ म्हणताहेत, असं काहीतरी. आणि आज तर त्याने कानाला हात लावला.

तालीम संपली. मारुती पाणी प्यायला गेला. भाऊंनी मास्तरांना बाजूला घेतलं. ‘एक घोळ झालाय. नव्या नाटकाला गुणाजी नाही म्हणतोय. वाजवणंच सोडतो म्हणतो. होडीवर जातो म्हणतो. अहो, त्याच्या वाडवडिलांची होडी ती, पण याला वल्हं धरता येत नाही, समुद्रात ओकतो! तुम्ही बोला त्याच्याशी. तुमचा शब्द मोडायचा नाही तो.’ मास्तर ‘बघतो’ म्हणाले. वळून पाहिलं तर पेटीवर कापड टाकून गुणाजी निघून गेला होता.

टेंभी नाक्यावरून चेंदणीपर्यंतची वाट मास्तर उन्हातून एकटेच चालले, आणि चालताना मनात एकच वाक्य घडवीत राहिले. साधं वाक्य. ‘गुणाजी, असं कानडी गाणंच नाही.’ पोरांना शुद्धलेखन घालतात तसं ते स्वतःला घालीत होते. खाडीकडून मिठागरांचा खारट वारा येत होता आणि ओठांवर मिठाची चव लागत होती. खरं बोलायला निघालेल्या माणसाला एक प्रकारचा रुबाब येतो. अर्ध्या वाटेवर मास्तरांना तसा तो आला. गुणाजी रडेल, मग हसेल, मग शिव्या देईल, मग पेटीवर बसेल. आपण शिव्या खाऊ. त्या शिव्यांची त्यांना जवळजवळ भूक लागली होती.

कोळीवाड्यात गुणाजीच्या दारापुढे जवळा वाळत घातला होता आणि त्याची बायको मंजुळा कावळे हाकत बसली होती. मास्तरांना बघून ती लगबगीने उठली. ‘या मास्तर. बरं जालं आलाव. याला जरा सांगा की. पेटी पुढ्यात घेतो, झाकन उघडतो, बोटं ठेवतो नि परत झाकन लावतो. जेवला का तर हो, नाय का तर हो. पयले सगल्या वाड्याशी भांडायचा, मना तेच बरं व्हतं.’ आत ओसरीवर गुणाजी जुन्या हातपेटीपुढे मांडी घालून बसला होता. झाकण उघडं होतं. त्याने उठून मास्तरांना पाट दिला, आपण खाली बसला. असा तो पूर्वी कधी बसत नसे.

‘वाजवणं सोडतोस म्हणे?’

‘सोडू नको तं काय करू मास्तर? भ्या वाटतं. बोटांत काय येतं ते माजं का कुनाचं, कसं कलनार? ती चाल मना वाटली माजी. आई एकवीरेची आन घेऊन बोल्लो असतो, माजी. ती निघाली कानडी. ल्हानपनी बँडात कदी ऐकली असंल, डोक्यात रायली असंल. न मी फुशारकी मारत फिरलो. मंग बाकीच्या कुनाच्या? मी जल्मभर चोरीच करत आलो का काय?’

मास्तरांनी घडवून आणलेलं वाक्य बाहेर काढलं. ‘गुणाजी, असं कानडी गाणंच नाही. मी लिहिलं ते खोटं होतं. चाल तुझीच.’

म्हटलं गेलं. मास्तरांच्या छातीवरचं ओझं सरकलं. गुणाजी त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं; तापातल्या पोराची आई ‘काही नाही झालंय तुला’ म्हणते तेव्हा पोर हसतं तसं.

‘तुमी मना बरं वाटावं म्हनून बोलताव.’

‘अरे नाही, खरंच सांगतो. शपथ.’

‘मंग लिवलं कशाला?’ गुणाजीने विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. त्याला खरोखरीच जाणून घ्यायचं होतं. ‘तुमी साळंत पोरांना शिकवताव. तुमाला खोटं लिवायची काय गरज? स्वताची म्हनून लिवली असती तं कोन इचारनार व्हता तुमाला? तीबी नाय लिवली. कानड्याची व्हती म्हनून कानड्याची लिवली. नाय तं दुसरं काय कारन असनार, तुमीच सांगा.’

कारण मास्तरांच्या जिभेच्या टोकावर होतं. अगदी लहान होतं ते. तुझं नाव माझ्या शब्दांच्या डोक्यावर बसलेलं मला बघवलं नसतं. एवढंच. वाटेने येताना त्यांनी सगळं घोकलं होतं, हे तेवढं घोकलं नव्हतं. खोटं कबूल करायची तयारी होती, हलकेपणा कबूल करायची नव्हती. खोटं बोललेला माणूस अजून मास्तर राहू शकतो. दाराशी मंजुळा हातातली काठी तशीच धरून ऐकत होती. तिच्यासमोर? मास्तरांनी तोंड उघडलं. ‘तसंच... घाईघाईत...’ असं काहीतरी ते पुटपुटले, आणि त्यांना स्वतःलाच ते शाळेत पाठ न आलेल्या पोरासारखं ऐकू आलं.

गुणाजीने त्यांना त्यातून सोडवलं. हेच ते सहन करायला कठीण. ‘ऱ्हाऊ द्या मास्तर. मी कल्यानला जाऊन आलो. तुमच्या शेजारी ते पोस्टाचे सायेब नाय का, त्यांची आय कानडी. तिच्या दारात बसून वाजवली न ते सबूद बोल्लो. म्हातारी रडाय लागली. बोल्ली, हां हां, माजी आय म्हनायची हे, आमच्या गावाला. माज्या डोक्याव हात ठेवला तिनी.’ त्याने पेटीच्या झाकणावरून बोट फिरवलं. ‘एवढं जाल्यावर तुमी माज्यासाठी सोताला खोटं पाडून घेताव. असं मन कुनाचं असतं? मी वाड्यात सगल्यांना सांगनार हाय.’ दाराशी मंजुळाने डोळ्याला पदर लावला.

मास्तरांना म्हातारीचं रडणं दिसलं. परमुलखात आपली बोली कानावर पडली की म्हाताऱ्या माणसाला आईच आठवायची, कुठलीही चाल असो. हे समजावून सांगता आलं असतं. पण आता जे सांगावं ते चांगुलपणात जमा होणार होतं. खरं बोलायला एक वेळ असते आणि ती गेली की खरंसुद्धा तुमच्या हातात टिकत नाही, हे त्यांना त्या पाटावर बसल्या बसल्या कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. त्या लहानशा कारणाचा उपयोग होता, पण ते अजून आतच होतं. ते घाम पुसत राहिले.

‘एक ऐकाल?’ गुणाजी म्हणाला. ‘गेल्या म्हैन्यात आलीय. कुनाला वाजवून दावली नाय. तुमी शिकलेले, तुमी सांगा ही कुनाची.’

त्याने भाता ओढला आणि चोरट्यासारखी, कडेकडेने ती चाल वाजवली. मध्येच थांबून दाराकडे बघायचा, पट्टी चुकायची, परत मागे जायचा. तरी मास्तरांच्या मानेवरून गार वाऱ्याची झुळूक गेली. विरहाच्या पदाची चाल हिच्यापुढे काहीच नव्हती. ही वर उसळत नव्हती. वर जाते जाते असं वाटत असतानाच मध्येच एका कोमल सुरावर बसून घ्यायची आणि तिथून हलायचीच नाही.

‘तुझी आहे ही,’ मास्तर म्हणाले. ‘ऐकतोस का गुणाजी? तुझी. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.’

‘तुमी तसंच बोलनार.’ गुणाजीने मान हलवली. मग एकदम, सुटका सापडल्यासारखं म्हणाला, ‘असं करा. ही तुमी घ्या. माजी म्हनून वाजवायला मना धीर नाय होत. तुमची म्हनून वाजवीन, बिनघोर. फुडं काय आलंच तं तेबी तुमाला आनून देईन. कुनाचं निघालं तं तुमी बगून घ्याल. मी नुसता पेटीवाला. मंग मना होडीवर नाय जावं लागनार.’

मंजुळा आत आली. ‘घ्या हो मास्तर,’ ती म्हणाली, ‘हा वाजवील तरी.’

नको म्हणायचं होतं. नको, आणि त्याच्यापुढे ते लहानसं कारण. मास्तरांनी मान वर केली. ‘पुन्हा एकदा वाजव,’ त्यांच्या तोंडून निघालं.

गुणाजीने पेटी पुढे ओढली, मांडी मोडून सरळ बसला, आणि पहिल्या सुरापासून चाल बदलली. आता तिच्यात चोरटेपणा नव्हता. दुसऱ्याची वस्तू मिरवायला मिळाल्यावर माणूस निर्धास्त होतो तसा तो झाला होता. मान जुन्या तोऱ्यात हलत होती, दोन ओळींच्या मध्ये भरणा परत उभा राहत होता, मंजुळा ओठ मुडपून हसत होती आणि शेजारच्या ओसरीवरचं जाळं विणणं थांबलं होतं. हा माणूस वाचवायचा तर त्याची चाल घ्यायची, आणि चाल परत करायची तर हा बुडणार, असं कसं झालं हे मास्तरांना समजेना. समजत होतं ते एवढंच की झालं ते आपण केलं. चाल संपली की सांगायचं, त्यांनी ठरवलं. हा अंतरा संपला की. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत मात्रा मोजू लागला होता, ते त्यांच्या उशिरा ध्यानात आलं, आणि अंतरा संपून गुणाजीने आशेने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा पहिल्या ओळीचे शब्द त्यांच्या मनात जुळून तयार होते.